केवडियाचं धरण मे महिन्यात उघडं का पडतं, आणि पाणी नेमकं जातं कुठे?

प्रश्न वडोदऱ्यातल्या मांजलपूरहून आलाय. मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याकडचे सासू-सासरे आले होते, त्यांना घेऊन मंडळी केवडियाला, म्हणजे गुजरातेत नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला गेली. स्टॅच्यू ऑफ युनिटी झाला, मग व्ह्यू पॉइंटवरून धरण बघितलं. वरच्या बाजूला डोंगरांच्या पायथ्याशी उघड्या खडकाचा रुंद पट्टा, पाणी बरंच खाली. आणि धरणाच्या खालची नदी मात्र क्रूझ फिरेल इतकी तुडुंब. सासरे म्हणाले, "इकडे उन्हाळ्यात पाण्याची बोंब आणि तुम्ही वीज करून पाणी समुद्रात सोडता? आमच्या कोयनेत असलं काही चालत नाही." जावईबापूंना उत्तर देता आलं नाही, म्हणून मला विचारतायत: विजेसाठी पाणी वाया जातं हे खरं का, तलाव एवढा खाली का जातो, आणि वरच्या तलावात बोटिंग का नाही.

माझी सगळी नोकरी जलविद्युत केंद्रांच्या संचालनात गेली. आता दांडिया बाजारात घरी असतो आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं. म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी सासऱ्यांचा जो सर्वांत मोठा गैरसमज झालाय तो काढू. धरणाखाली दिसलेलं भरलेलं पात्र म्हणजे वाहतं पाणी नव्हे. धरणापासून सुमारे बारा किलोमीटर खाली गरुडेश्वरचा बंधारा आहे आणि तुम्हाला दिसला तो त्या बंधाऱ्याचा फुगवटा, म्हणजे त्याच्यामागे तुंबलेलं पाणी. पाणी तिथे बहुतांशी उभं असतं. क्रूझ चालते ती याच्यावरच. एखादं पात्र काठोकाठ दिसलं म्हणजे तिथून भरमसाट पाणी चाललंय असं नसतं, आणि वरचा तलाव खाली गेलेला दिसला म्हणजे तेच पाणी खाली आलंय असंही नसतं. तलावातलं पाणी उन्हाळ्यात मुख्यतः दुसऱ्याच बाजूने, कालव्याने जातं. ते व्ह्यू पॉइंटवरून दिसत नाही. म्हणून माणसाची फसगत होते.

कुठल्याही डोंगरी जलाशयाबद्दल कोणी विचारलं तर मी पहिला प्रश्न हाच करतो: पाणी कोणत्या दाराने बाहेर पडतं, आणि ते दार किती उंचीवर आहे? किती टक्के भरलंय ही बातमी पेपरात रोज येते, पण दारं कळल्याशिवाय त्या टक्क्यांना अर्थ नाही.

सरदार सरोवराची दारं अशी. भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून 138.68 मीटर. माथ्यावर 30 दरवाजे, ज्यांचे फोटो पावसाळ्यात सगळीकडे फिरतात. पण त्या दरवाज्यांचा उंबरठा 121.92 मीटरवर आहे. तलाव त्याच्या खाली गेला की तीसच्या तीस दरवाजे सताड उघडले तरी थेंब बाहेर येणार नाही. त्याखाली विजेची दोन वेगवेगळी घरं. एक कालव्याच्या मुखाशी, 50 मेगावॉटची पाच यंत्रं, एकूण 250. दुसरं नदीपात्रात जमिनीखाली, 200 मेगावॉटची सहा यंत्रं, एकूण 1200. वीज दोन्हीकडे होते, पण पाणी दोन ठिकाणी जातं, आणि सगळं भांडण इथेच आहे.

कालव्याच्या मुखावरच्या यंत्रांतून निघालेलं पाणी नर्मदेच्या मुख्य कालव्यात पडतं. तो कालवा 458 किलोमीटर धावून राजस्थानच्या सीमेपर्यंत पोचतो. सौराष्ट्र, कच्छ, उत्तर गुजरात, शेती, नळ सगळं त्याच्यावर. म्हणजे इथे वीज होते ती पाणी द्यायचंच आहे म्हणून, वाटेत. वाया जाण्याचा प्रश्नच नाही. नदीपात्रातल्या यंत्रांतून निघालेलं पाणी मात्र गरुडेश्वर, भरूच करत खंबातच्या आखातात जातं. एकदा तिकडे सोडलं की कालव्याला परत मिळत नाही.

आता गंमत बघा. कालव्याचं मुखाशी पूर्ण भरलेलं पाणी 91.44 मीटरवर असतं. तलाव काठोकाठ भरलेला असला तरी तिथे पाण्याला जेमतेम 47 मीटरची उडी मिळते. नदीपात्राकडे तीच उडी 110 मीटरच्या घरात. मी हिशेब करून दाखवतो, कारण हा हिशेब केला की अर्धे वाद आपोआप मिटतात. 1000 घनमीटर पाणी, म्हणजे 10 लाख लिटर, नदीपात्रातल्या यंत्रातून सोडलं तर साधारण 270 युनिट वीज होते. तेच कालव्याच्या मुखातून सोडलं तर 110 युनिट. आणि तेच पाणी पिण्यासाठी दिलं तर, माणशी रोजचे 135 लिटर हा शहरी मापदंड धरून, सात हजारांवर लोकांची एक दिवसाची गरज भागते. सात हजार माणसांचं पाणी विरुद्ध एखाद्या घराचं महिन्या-दीड महिन्याचं विजेचं बिल. उन्हाळ्यात कोणाची निवड होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग नदीपात्राचं घर चालवायचंच कशाला? तर पावसाळ्यात, जेव्हा कालव्याला फारसं पाणी नको असतं, वरून मात्र धो-धो येत असतं. तेव्हा दरवाज्यांतून फुकट सोडण्याआधी जेवढं यंत्रांतून काढता येईल तेवढं काढायचं. सहाही यंत्रं पूर्ण भारावर असली की चाळीस-पंचेचाळीस हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी त्यांतून जातं. त्याच्यावरचं दरवाज्यांतून. खरं वाया जातं ते हे वरचं, आणि त्याला इलाज नाही. पूर साठवायला तलाव कितीही मोठा असला तरी अपुरा.

सासऱ्यांच्या कोयनेकडे वळतो, कारण तुलना त्यांनीच काढलीय आणि ती फार उपयोगाची आहे. कोयनेतही दोन दारं आहेत, आणि तिथे ओढाताण आपल्यापेक्षा जास्त आहे, कमी नाही. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय 105 टीएमसीचा, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचा. त्याचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणातल्या पोफळीच्या वीजघराकडे नेलंय. सह्याद्रीचा कडा असल्यामुळे तिथे उडी मिळते पावणेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणून 1000 घनमीटर पाण्याला 1100 युनिटच्या वर वीज. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॉट, देशात नाव घेण्यासारखा प्रकल्प. पण पोफळीला उतरलेलं पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं, ते कऱ्हाड-सांगलीला पुन्हा मिळत नाही. म्हणून कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. 1 जून ते 31 मे हे त्यांचं पाण्याचं वर्ष. दुसरं दार धरणाच्या पायथ्याशी, 20 मेगावॉटची दोन यंत्रं. 'पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक विसर्ग' ही ओळ सासऱ्यांनी पेपरात शंभरदा वाचली असेल. ते पाणी कोयना नदीतून कृष्णेला, तिथून टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांना. पायथ्याशी त्याच पाण्याची वीज पोफळीच्या पाचव्या हिश्श्याइतकीही होत नाही. तरी उन्हाळा कडक पडला की पश्चिमेची वीज आखडती घेऊन पाणी पूर्वेला सोडतात. तेव्हा 'आमच्या कोयनेत असं नाही' हे म्हणायला ठीक आहे. तिथे वीज आणि पाणी यांची तोंडं सह्याद्रीच्या दोन बाजूंना आहेत. आपल्याकडे निदान कालव्याच्या तोंडाशी दोघांचा संसार एकत्र चालतो.

आणि शिवसागराच्या काठावर, बोटिंगच्या तापोळ्याला मे महिन्यात जाऊन बघा म्हणावं. बोटीपर्यंत पोचायला किती चालावं लागतं ते.

वाटणीचा मुद्दा राहिला, तो महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हमखास आवडतो. नर्मदा लवादाने 1979 मध्ये निवाडा दिला. पाण्याची वाटणी 28 दशलक्ष एकर-फूट धरून केली: मध्य प्रदेश 18.25, गुजरात 9, राजस्थान 0.5, महाराष्ट्र 0.25. विजेची वाटणी मात्र निराळी. मध्य प्रदेशाला 57 टक्के, महाराष्ट्राला 27, आणि धरण ज्याच्या अंगणात त्या गुजरातला 16. म्हणजे ज्याला पाणी जास्त हवंय त्याला वीज कमी, आणि ज्याला इथून पाणी मिळतच नाही त्याला वीज जास्त. यंत्र चालवायचं की नाही हा प्रश्न मग निव्वळ तांत्रिक राहत नाही. 2019 च्या पावसाळ्यात हे उघड्यावर आलं. धरणाचे दरवाजे 2017 मध्ये बसून पूर्ण झाले होते, पण तलाव पूर्ण पातळीपर्यंत एकदाही भरला नव्हता. गुजरातचं म्हणणं, तो भरून धरणाची कसोटी घ्यायची आहे, तोवर नदीपात्रातली वीज थांबवा. मध्य प्रदेशाचं म्हणणं, मग आमच्या 57 टक्क्यांचं काय? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. अखेर 15 सप्टेंबर 2019 ला तलाव पहिल्यांदा 138.68 वर पोचला. असल्या तंट्यांसाठी नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आहे, त्याचं कार्यालय इंदूरला. कोणत्या महिन्यात किती पाणी सोडायचं हे या पातळीवर ठरतं, खोलीत बसलेल्या इंजिनिअरच्या मर्जीवर नाही. लोकांना वाटतं आम्ही चावी फिरवतो. आम्हाला सकाळी कागद येतो, त्याप्रमाणे फिरवतो.

आता तलाव खाली का जातो. उत्तर सोपं आहे: तो खाली जाण्यासाठीच बांधलाय. 138.68 ते 110.64 मीटर या 28 मीटरांत 5.8 अब्ज घनमीटर वापरायचं पाणी आहे, तुमच्या सासऱ्यांच्या भाषेत 205 टीएमसी. पावसाळा संपताना भरलेलं आणि पुढच्या पावसाआधी रिकामं होत आलेलं, असं असेल तर त्या वर्षी धरणाने काम केलं. मे महिन्यात काठोकाठ भरलेला तलाव बघून डोळे निवतात, पण माझ्यासारख्याला प्रश्न पडतो की कालवा बंद होता की काय. आणि जूनमध्ये भरलेला तलाव म्हणजे येणाऱ्या पुराला घरात जागाच नाही.

उन्हाळ्यात पातळी पटापट पडताना दिसते त्याला आणखी एक कारण आहे. डोंगरातला जलाशय कढईसारखा असतो, वर पसरट, खाली अरुंद. तलाव पूर्ण भरला की पाणी जवळजवळ 37 हजार हेक्टरवर पसरतं, तेव्हा वरचा एक मीटर म्हणजे सुमारे 37 कोटी घनमीटर पाणी. पण सगळ्या 28 मीटरांची सरासरी काढली तर मीटरमागे 20-21 कोटीच भरतं, म्हणजे खालचे मीटर त्याहूनही हलके. ऑक्टोबरात कालव्याला जेवढं पाणी दिलं की पातळी बोटभर उतरते, तेवढंच एप्रिलमध्ये दिलं की दोन-तीन बोटं उतरते. काठावरच्या माणसाला वाटतं, अचानक कोणीतरी तलाव उपसला. वर बाष्पीभवन आहेच. लवादाने सरदार सरोवरासाठी वर्षाला अर्धा दशलक्ष एकर-फूट वाफेच्या नावाने वेगळं धरलंय. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या पाण्याच्या दुप्पट नुसती वाफ!

आणि हा तलाव एकटा नाही. वर मध्य प्रदेशात इंदिरा सागर आहे, वापरायचा साठा 9.75 अब्ज घनमीटर, आपल्यापेक्षा मोठा. मध्ये ओंकारेश्वर. उन्हाळ्यात आपल्याकडे येणारं पाणी म्हणजे बहुतांशी तिथल्या यंत्रांतून निघालेलं पाणी. संध्याकाळी इंदूर-भोपाळला दिवे लागले, इंदिरा सागरची यंत्रं फिरली, की त्याचं पाणी काही दिवसांनी केवडियाच्या हिशेबात जमा होतं. ते वर आखडलं की इथे कळतं.

2018 च्या उन्हाळ्यात फार तंगी झाली. आधीच्या पावसाळ्यात नर्मदेच्या खोऱ्यात पाऊस कमी पडला होता. पातळी 110.64 च्या खाली गेली. या आकड्याला आम्ही मरणरेषा म्हणत नाही, पण यंत्रांच्या दृष्टीने ती तीच. कालव्याच्या मुखाची यंत्रं त्याखाली चालत नाहीत. मग त्यांना वळसा घालून कालव्यात पाणी नेणारा खालच्या पातळीवरचा बोगदा आहे, तो उघडला. त्या बोगद्यातून वीज होत नाही, नुसतं पाणी जातं. मार्चच्या मध्यापासून शेतीचं पाणी थांबवलं आणि जे होतं ते पिण्यासाठी राखलं. क्रम काय आहे ते अशा वर्षी कळतं. आधी पिणं, मग शेत, मग वीज, आणि बोटिंगला कोणी विचारतही नाही. सासऱ्यांना हे वर्ष सांगा.

पातळी उतरत जाते तसतसं यंत्रघरात काय होतं तेही सांगतो, कारण हे बाहेरच्याला कधी दिसत नाही. यंत्र एका ठरावीक उंचीच्या पाण्यासाठी घडवलेलं असतं. उंची कमी झाली आणि भारही अर्धवट ठेवला की चाकाखालच्या नळीत, ड्राफ्ट ट्यूबमध्ये, पाण्याचा पीळ पडतो. दोरखंडासारखा फिरणारा भोवरा, मध्ये पोकळी. खालच्या गॅलरीत जाऊन त्या नळीच्या दारावर तळहात ठेवला तर ठोके जाणवतात, धप्, धप्, आणि वरच्या मजल्यावर चहाच्या कपात तरंग उठतात. त्या टप्प्यात यंत्र फार वेळ ठेवायचं नाही, एक तर भार वाढवून पुढे न्यायचं किंवा सरळ बंद करायचं. नाहीतर पोकळीतले बुडबुडे फुटून चाकाचं पोलाद कुरतडतात. स्पंजसारखी छिद्रं पडलेली पाती मी वेल्डिंगला जाताना बघितली आहेत. म्हणूनच कालव्याच्या मुखावर कॅप्लान जातीची यंत्रं घेतली. तिथे उंची 19 पासून 47 मीटरपर्यंत बदलते, आणि कॅप्लानची पाती पाण्याप्रमाणे आपला कोन बदलू शकतात. नदीपात्रातली फ्रान्सिस जातीची, पाती पक्की. ती उलटीही फिरू शकतात, म्हणजे खालचं पाणी परत वर चढवण्याच्या सोयीने घडवली आहेत. गरुडेश्वरचा बंधारा मुळात त्यासाठीच हवा होता, खाली पाणी साठून राहिलं तरच ते वर चढवता येणार. दुपारी सौर वीज उतू जाते आणि सात वाजता सगळ्यांच्या घरी एकदम दिवे, टीव्ही, एसी. दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. अशा कारभारात पाणी खर्चच होत नाही, फक्त वरखाली करतं. 'वीज करून पाणी समुद्रात' या तक्रारीवर तांत्रिक उत्तर कुठलं असेल तर हेच.

पाण्यावरच्या विजेची किंमत तिच्या युनिटांत मोजायची नसते, वेळेत मोजायची असते. कोळशाचं केंद्र थंड झालं की पुन्हा उभं राहायला तासन् तास घेतं. आमचं यंत्र थांबलेल्या अवस्थेतून काही मिनिटांत ग्रिडला जोडलं जातं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे धोका. धरणाखालच्या कुठल्याही नदीत, बंधाऱ्याच्या फुगवट्यात नव्हे तर मोकळ्या पात्रात, खडकांवर बसून डबा खाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती असते की भोंगा वाजला की सामान टाकून वर या. यंत्र सुरू झाल्यावर पाणी किती वेळात चढेल हे आकाशाकडे बघून कळत नाही. ऊन पडलेलं असतं, ढग नसतात, आणि पाणी येतं. कारण ते पावसाचं नाही, संध्याकाळच्या दिव्यांचं असतं.

पुराबद्दल थोडक्यात, कारण हा विषय आपल्या वडोदऱ्याला नव्याने सांगायला नको. 17 सप्टेंबर 2023 ला वरून एवढं पाणी आलं की सरदार सरोवरातून अठरा लाख क्युसेकच्या आसपास सोडावं लागलं आणि भरूच-अंकलेश्वर पाण्यात गेलं. आधीच थोडं थोडं सोडून जागा का केली नाही, यावर बराच वाद झाला. त्या दिवसांत मी खुर्चीवर नव्हतो, त्यामुळे निवाडा देत नाही. पण पेच काय आहे ते सांगतो. सप्टेंबरात तलाव रिकामा ठेवला आणि पाऊस तिथेच थांबला, तर पुढचे नऊ महिने कालवा अर्धा. भरून ठेवला आणि पाऊस आला, तर खालची गावं. वडोदऱ्याजवळच्या आजव्याचंही तेच आहे. महाराज सयाजीरावांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलेलं सरोवर, तिथून निमेट्याच्या केंद्रात गाळून पाणी उताराने शहरात. 62 दरवाजे. पावसाळ्याच्या आरंभी पातळी मुद्दाम खाली धरतात, हंगाम सरत आला की वर नेतात. तरी 2024 च्या ऑगस्टमध्ये शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली आणि काय झालं ते आपण सगळ्यांनी दुसऱ्या मजल्यावरून बघितलं. आजव्यात वीज नाही, कालवा नाही, राज्यांचं भांडण नाही. फक्त पिण्याचं पाणी आणि पूर, एवढ्या दोघांत जर इतकी ओढाताण, तर केवडियाला काय होत असेल.

आता बोटी. वरच्या मोठ्या तलावात केवडियाच्या बाजूने मोकळं बोटिंग का नाही याला एक कारण नाही. धरणाजवळचा भाग सुरक्षेचा, तिथे पाणी आत ओढणारी तोंडं आहेत, आणि यंत्रं चालू असताना त्या तोंडांजवळ पृष्ठभाग शांत दिसला तरी खाली ओढ असते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ओंडके, झाडाच्या मुळ्या, प्लास्टिक, जलपर्णी सगळं त्या तोंडांवरच्या जाळीला येऊन चिकटतं. ते काढायला क्रेन लागते. तिथे पर्यटकांची बोट कोण सोडेल? मग पातळीचा प्रश्न. 28 मीटर वरखाली होणाऱ्या तलावाला पक्का धक्का बांधायचा कुठे? ऑक्टोबरात बांधलेला धक्का मे मध्ये टेकडीवर टांगलेला दिसेल. तरंगता धक्का करता येतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला उघडा पडलेला काठ ओलांडावा लागतो, आणि तो काठ फार फसवा. वर भेगाळलेल्या, वाळलेल्या मातीच्या लाद्या, पाय ठेवला की खाली लोण्यासारखा चिखल. गुडघ्यापर्यंत गेलेला पाय चप्पल आत ठेवूनच बाहेर येतो. गुरं अडकतात. मुलांना तिथे सोडू नये.

पाण्याखाली बुडालेली झाडं आणि जुनी वस्ती हा आणखी एक धोका. पातळी उतरत असताना काल ज्या खुंटावर चार मीटर पाणी होतं त्यावर आज एक मीटर असतं. आणि दोन डोंगररांगांमधल्या लांबट पाण्यावर दुपारचा वारा धरला की लाटा उठतात, त्या तळ्यातल्या नसतात. मगरी आहेतच. आपल्याला विश्वामित्रीच्या मगरींची सवय आहे म्हणून त्यांचं काही वाटत नाही, पण सी-प्लेनसाठी धरणाजवळच्या तळ्यातल्या मगरी पकडून हलवाव्या लागल्या होत्या. तुम्हाला केवडियाला बोटीची जी सोय मिळते ती म्हणूनच अशा ठिकाणी आहे जिथे पातळी फारशी हलत नाही: गरुडेश्वरच्या फुगवट्यात आणि बाजूच्या लहान तळ्यांत. हा योगायोग नव्हे. करमणुकीला एकच गोष्ट हवी असते, पाणी जागेवर राहावं. आणि मोठ्या तलावाचं कामच मुळी जागेवर न राहण्याचं.

पिण्याच्या पाण्यात इंजिनाच्या बोटी असाव्यात का, यावर माझं मत स्पष्ट आहे: नसाव्यात, किंवा बॅटरीच्या असाव्यात. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांतून न जळलेलं तेल थेट पाण्यात जातं. एवढ्या अवाढव्य साठ्यात ते विरून जातं हे खरं, पण बोटी जिथे उभ्या राहतात त्या खाडीत विरत नाही. भोपाळच्या बड्या तलावातल्या क्रूझ आणि मोटारबोटी 2023 मध्ये हरित लवादाच्या आदेशाने थांबल्या त्या याच कारणाने.

आणि बोटीचं नाव काढलं की वडोदऱ्यातलं हरणीचं तळं डोळ्यांसमोर येतं. 18 जानेवारी 2024. बोट उलटून 12 शाळकरी मुलं आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. ते काही डोंगरातलं खोल जलाशय नव्हतं, शहरातलं तळं होतं. त्यामुळे खोली किती आणि पाणी शांत आहे का हे विचारण्याआधी माणसं किती बसवलीत आणि जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर आहे का हे बघा. हातात दिलेलं, मांडीखाली ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. बोटवाला 'काही होत नाही' म्हणाला तर उतरून या. पैसे गेले तर गेले.

याच तलावाला दुसरा एक काठ आहे, तो केवडियाहून दिसत नाही. नंदुरबारचा. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं या पाण्याने बाधित झाली, मणिबेली त्यांतलं पहिलं. तिथे बोट म्हणजे करमणूक नाही, रस्ता आहे. बाजार, शाळा, बाळंतीण, सगळं बोटीने. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना या पाण्यावर फिरतो. पातळी उतरली की बोट गावापासून लांब थांबते आणि मी वर सांगितलेला तो चिखल तुडवून पेशंट झोळीतून आणावा लागतो. पातळीचा कागद ठरवताना या लोकांना कोणी विचारत नाही. कोणाला पाणी हवं, कोणाला वीज, आणि ज्यांची जमीन खाली गेली त्यांना निदान धक्का तरी नीट हवा. सासऱ्यांचा सात्त्विक संताप कुठे खर्च करायचा असेल तर तो इथे केलेला मला जास्त पटेल.

एक बारीकशी गोष्ट, मराठी पाहुण्यांना सांगायला. नदी अगदी कोरडी पडू नये म्हणून धरणातून खाली बारमाही थोडं पाणी सोडावं लागतं, ते ज्या दारातून सोडतात त्याला सगळे गोडबोले गेट म्हणतात. ते साधारण 600 क्युसेक. कालव्याच्या मुखाची क्षमता 40 हजार क्युसेक आहे, म्हणजे त्यापुढे हे किरकोळच. पण भरूचकडे भरतीबरोबर खारं पाणी वर चढतं, त्याला मागे रेटायला जे काही गोडं पाणी मिळतं ते हेच. तेव्हा धरणाखाली जाणारं सगळं पाणी वाया, हेही म्हणू नये. माझ्या मते 600 फार कमी आहे, पण ते माझं मत.

पुढच्या वेळी पाहुणे यायचे असतील तर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरपर्यंत आणा. तलाव भरलेला, डोंगर हिरवे, आणि पाऊस चांगला झाला असेल तर दरवाजे उघडलेलेही दिसतील. मात्र दरवाजे उघडले असले की खालची क्रूझ बंद असते, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी मिळणार नाही. निघण्याआधी चौकशी करा. आणि सोमवारी जाऊ नका, स्टॅच्यू बंद असतो.